तक्रार नसलेली मुलगी

मी इतकी वर्षं काय काम केलं, हे माझ्या नवऱ्याला अजून नीट सांगता येत नाही. लग्नकार्यात कोणी विचारलंच तर ते म्हणतात, "ही जेलमध्ये असते." मग समोरचा माणूस पुढचं काही विचारत नाही आणि पंगतीत वाढणारा आमच्या पानाजवळ जरा जपूनच येतो.

तर एकदा स्वतःच सांगून टाकते. आई किंवा बाप तुरुंगात गेला की मागे लेकरं राहतात. ती कोणाच्या तरी पदरात पडतात. आजीच्या, काकूच्या, मावशीच्या. आमची नागपुरातली एक लहानशी संस्था या पदरवाल्या बायकांसाठी होती. आत गेलेल्या माणसासाठी वकील असतो, पोलीस असतात, कोर्ट असतं. त्याचं लेकरू सांभाळणाऱ्या म्हातारीला "बाई, तुम्ही जेवल्या का?" असं विचारणारं खातं सरकारनं अजून काढलेलं नाही. ते आम्ही विचारायचो. शाळेत नाव घालून द्यायचं, आधार कार्ड काढून द्यायचं, मुलाकातीला, म्हणजे तुरुंगातल्या भेटीला, सोबत जायचं, आणि उरलेला वेळ लोकांच्या घरी बसून चहा प्यायचा. माझी ॲसिडिटी ही माझ्या नोकरीची कमाई आहे.

महिन्यातून एका रविवारी या सगळ्या बायका उत्तर नागपुरातल्या एका विहाराच्या हॉलमध्ये जमायच्या. तिथं एकच नियम होता. "कोणत्या केसमध्ये?" हे विचारायचं नाही. बाहेर त्यांना सगळे हेच विचारत, म्हणून इथं नाही. तुम्हालाही पुढं वाचताना विचारावंसं वाटेल. मी सांगणार नाही, उगाच वाट पाहू नका.

आता सलोनीबद्दल.

आई तुरुंगात असेल आणि लेकरू लहान असेल तर ते आईजवळ आतच राहू शकतं, सहा वर्षांचं होईपर्यंत. त्यानंतर त्याला बाहेर यावंच लागतं. सलोनी आत गेली तेव्हा तिला नीट बसताही येत नव्हतं. बाहेर येताना ती सहाची होती. मधलं सगळं आयुष्य तिनं बायकांच्या बराकीत काढलं होतं. बाप कधीचाच दुसरा संसार थाटून मोकळा झाला होता. राहता राहिला मामा, राजू. हिंगण्याला एका कारखान्यात पाळीवर जाणारा, अगदी सरळ माणूस. इतका सरळ की त्याच्याशी बोलायला बसलं तर भिंतीशी बोलल्यासारखं वाटायचं. त्यामुळे सगळी बोलणी त्याच्या बायकोशी, वंदनाशी झाली.

वंदना घरी ब्लाउज शिवायची. मशीनवरून पाय न काढता तिनं मला सुनावलं, "ताई, मी माहे दोन पोट्टे पाहू का नणंदेची पोरगी पाहू? अन् ते नणंद! मोकळी होती तवा कधी सिध्या तोंडानं बोलली नाही माह्याशी. आता तिची पोरगी मी काहून सांभाळू?"

मी म्हटलं, "नका सांभाळू. बालगृह आहे."

हे मी काही डावपेच म्हणून म्हटलं नव्हतं. बालगृह खरंच होतं. पण वंदनानं मशीन थांबवली, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "बालगृहात कायले? लोकं मले का म्हणतीन?"

लोक काय म्हणतील याच्या धाकानं या जगात जितकी लेकरं वाढली आहेत, तितकी प्रेमानं वाढली असतील की नाही, मला शंका आहे. मी त्या धाकाला कधी नावं ठेवत नाही.

लेकरू आणायच्या आधी आम्ही घरच्यांची तयारी करून घ्यायचो. या कामाचा मला अभिमान होता. मी वंदनाला बसवून सांगितलं की मुलगी रडेल, अंथरूण ओलं करेल, आईसाठी हट्ट करेल, तुमच्या पोरांना मारेल, वस्तू फोडेल, चोरून खाईल. रागवायचं नाही. वंदनानं सगळं ऐकून घेतलं आणि काचेचे कप वरच्या फळीवर ठेवले.

सलोनी आली आणि यातलं तिनं एकही केलं नाही.

ती रडली नाही. ताटात पडेल ते जेवली, ताट धुऊन जागेवर ठेवलं. पहाटे उठून अंथरुणाची घडी केली आणि घडीशेजारी बसून राहिली. दार दिसलं की दारासमोर उभी राहायची. कडी उघडी असली तरी स्वतःहून दार ढकलायची नाही. दार दुसरं कोणीतरी उघडतं आणि मग आपण जायचं, एवढंच तिला ठाऊक होतं. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी, म्हणजे बराक बंद व्हायच्या वेळी, घरात यायची आणि मामीच्या दोन्ही पोरांनाही हाताला धरून आत आणायची. ते बिचारे क्रिकेट अर्धवट सोडून यायचे. आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे वंदना खोलीत आली की सलोनी ताडकन उभी राहायची. पाय जुळवून, हात बांधून, मान खाली. मामी "बस" म्हणाली की "जी मामी" म्हणून बसायची. मामी मोरीतून आली की परत उभी.

बराकीत मॅडम आल्या की असंच करतात. तिनं मोठ्या बायकांचं पाहून उचललं होतं. तिच्या लेखी ती शिस्त नव्हती, चालीरीत होती. तुमच्याआमच्या घरात लेकरं पाहुण्यांच्या पाया पडतात ना, तसं.

पहिले काही दिवस वंदनाला हे फार आवडलं. मला फोन करून म्हणाली, "ताई, तुमी उगाच भेवाडून देलं मले. लई गुणाची पोरगी आहे वं. माह्या दोघाइले थोडं शिकव म्हना तिले."

मलाही बरं वाटलं. आमच्या धंद्यात ज्या केसमधून फोन येत नाही ती केस चांगली चालली असं समजतात. मी दुसऱ्या घरांच्या मागं लागले.

पण वंदनाचं घर होतं दाटीच्या वस्तीत. दार उघडं ठेवून शिवायला बसायची, समोरच्या घरातून सगळं दिसायचं. काय दिसायचं? मामी आत आली की एक सहा वर्षांची पोर चटकन उठून भिंतीला लागून उभी राहते, मान वर करत नाही. मामी भाजी आणायला गेली की दारात पुतळ्यासारखी उभी असते. कोणी चॉकलेट दिलं तर आधी मामीच्या तोंडाकडं पाहते. नणंदेची पोर, आई जेलात, मामी तोंडानं फटकळ. जोडायला काय वेळ लागतो? कोणीतरी मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन केला की मामी लेकराला छळते.

कोणी केला ते मला माहीत नाही. ज्यानं केला त्यानं चांगलंच केलं, हेही सांगते. मीसुद्धा रस्त्यानं जाताना तसं लेकरू पाहिलं असतं तर फोन केला असता.

बालकल्याण समितीसमोर तारीख लागली. मुलाबाळांच्या ताब्याचे निर्णय ही समिती घेते. अध्यक्ष एक शांत बाई होत्या, कुठल्याही गोष्टीची घाई नसलेल्या. त्यांनी वंदनाला, राजूला आणि मला बाहेर बसवलं, सलोनीला आत घेतलं. थोड्या वेळानं मलाही आत बोलावलं आणि म्हणाल्या, "तुमच्यासमोर परत विचारते." मग सलोनीकडं वळून अगदी प्रेमानं विचारलं, "बेटा, मामीकडं कसं वाटतं?"

सलोनी उभीच होती. पाय जुळवून एका दमात म्हणाली, "जेवण मिळते, पानी मिळते, कपडा मिळते, काही तक्रार नाही, मॅडम."

मी डोळे मिटून घेतले.

तुम्हाला सांगते, आत कोणी मोठे साहेब तपासणीला आले की बाया रांगेत उभ्या राहून हेच बोलतात. सलोनीनं हे इतक्यांदा ऐकलं असेल की तिला वाटलं, टेबलामागच्या माणसानं "कसं वाटतं?" विचारलं की हेच म्हणायचं असतं. पण समितीपुढं पढवून आणलेली लेकरंही येतात, आणि पढवलेलं लेकरू नेमकं असंच बोलतं. मी सगळं समजावून सांगितलं. अध्यक्षबाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण हिला तिथं धाक आहे की नाही, ते मी कशावरून ठरवू? पुढच्या तारखेपर्यंत मुलगी मामीकडं राहू द्या. तेव्हाही अशीच दिसली तर मला तिला बालगृहात पाठवावं लागेल."

त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. म्हणूनच राग कोणावर काढावा ते कळेना.

बाहेर आल्यावर राजूनं त्या वर्षातलं सर्वांत लांब वाक्य उच्चारलं. "जाऊ दे नं वं पोरीले बालगृहात, तिथं राहीन बरी, आपल्या मागं कायले ताप?"

वंदना भडकली. "आता काहून देऊ? आता देली त मी खरीच मारत होती असं नाही होत? एक बोट नाही लावलं मी तिले! एक बोट! घरी जाऊ दे मले, त्या समोरच्या घरवालीले पाहतोच!" सलोनी शेजारी हात बांधून उभी होती. वंदना तिच्यावर खेकसली, "अन् तू बस नं बापा! बस म्हणतो नं!" सलोनी "जी मामी" म्हणून तिथंच फरशीवर बसली. समितीचा शिपाई आमच्याकडं पाहत होता.

आता माझ्यापुढं जे काम आलं ते आधी कधी आलं नव्हतं. वांड पोरांना वळण लावायला मी पुष्कळ मदत केली होती. वळणदार पोरीला वांड कसं करायचं, ते कोणत्याच प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

रविवारी हॉलमध्ये मी हा प्रश्न बायकांपुढं टाकला. आमच्यात अनसूयाबाई होत्या. नागपूरच्या महाल भागात राहायच्या, मुलगा आत, सून माहेरी निघून गेलेली, तीन नातवंडं यांच्या गळ्यात. तिन्ही इतकी खोडकर की अनसूयाबाई त्या क्षेत्रातल्या जाणकार मानल्या जात. त्या म्हणाल्या, "सोपं आहे. साखरेचा डब्बा खाली ठेव अन् बाहीर जा. चोरून खाल्ली त लेकरू ठिकाणावर आलं समज."

वंदनानं डबा खाली ठेवला आणि शेजारी जाऊन बसली. परत आली तर सलोनी डबा दोन्ही हातांत धरून दारात उभी. "मामी, हे खाली राह्यलं होतं."

दुसरी म्हणाली, तिला काय हवं ते विचार, म्हणजे ती नाही म्हणायला शिकेल. वंदनानं विचारलं, "सलोनी, भेंडी करू का पोहे करू?" सलोनी म्हणाली, "जे बनलं ते." तिसरीच्या सांगण्यावरून मामीच्या पोरांना कामाला लावलं की हिला दंगा शिकवा. दोन दिवसांनी ती दोघंच अंथरुणाच्या घड्या घालायला लागली. वंदनानं मला फोन केला तेव्हा तिला हसावं की रडावं ते कळत नव्हतं. म्हणाली, "ताई, माहे पोट्टेही बिघडले."

नंतर हळूच म्हणाली, "रात्री ते झोपेत हसते वं. मशीन चालू असली का हसते. बराकीतबी मशीन होती काय?" होती. तिथं बायकांना शिवणकाम असतं. "मंग मी थोडा वेळ जास्त चालवतो," वंदना म्हणाली. मला तेव्हा कळलं की समोरचीला काय वाटतं हा प्रश्न आता मागं पडला आहे. आता या बाईच्या हातून लेकरू गेलं तर ही मोडून पडेल. मला स्पष्टच भीती वाटायला लागली.

तारखेच्या आदल्या आठवड्यात मुलाकात मिळाली. सलोनी बाहेर आल्यापासून आईला पहिल्यांदाच भेटणार होती. वंदना येणार नाही म्हणत होती, नणंदेचं तोंड पाहायचं नव्हतं. शेवटी आली. सलोनीला तेल लावून, घट्ट वेण्या घालून, स्वतः शिवलेला फ्रॉक घालून घेऊन आली.

गेटवरच्या शिपाई बाईंनी ओळखलं. "अरे, सलोनी! किती मोठी झाली!" सलोनी खुलली. भराभर पुढं चालायला लागली, रस्ता तिला पाठ होता. बायकांच्या विभागाकडं वळणाऱ्या दारासमोर जाऊन उभी राहिली, कोणीतरी उघडेल म्हणून. आम्हाला तिकडं जायचं नव्हतं. मुलाकातीची खोली दुसऱ्या बाजूला. तिथं मध्ये काच आणि दोन्हीकडं फोन.

काचेपलीकडं तिची आई आली. सलोनी काचेकडं पाहत राहिली. मग मला विचारलं, "आपन इकडून काहून बोलून राह्यलो?"

मी फोन उचलून तिच्या हातात दिला. माझा इतक्या वर्षांचा अनुभव त्या वेळी काही कामाला आला नाही.

मायलेकी फोनवर बोलल्या. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. मग आईनं खुणेनं वंदनाला फोन घ्यायला सांगितलं. वंदनानं फोन कानाला लावला आणि काचेकडं न पाहता सलोनीच्या वेण्या सारख्या करत राहिली. शेवटी वंदना म्हणाली, "जेवते चांगली. वांगं नाही खात." पलीकडून काहीतरी आलं. वंदना म्हणाली, "हाव नं, मी नाही करत आता वांगं." दोघींचं कितीतरी वर्षांत झालेलं हे पहिलं बोलणं.

वेळ संपली. शिपाई बाई म्हणाल्या, "चला."

"चला" म्हटलं की सलोनी निघते. तिनं आजवर या शब्दाला कधी नाही म्हटलं नव्हतं. वंदना दाराकडं वळलीसुद्धा होती. सलोनी हलली नाही. शिपाई बाई पुन्हा म्हणाल्या, "चल बेटा." सलोनी खाली बसली. मग आडवी झाली. आणि मग तिनं जी किंकाळी फोडली ती मी अजून विसरले नाही. "मी नाही जात! मले आत जायचं आहे! मी नाही जात मामीसंगं! मामी गंदी आहे!" काचेवर लाथा मारायला लागली. घट्ट वेण्या सुटल्या. काचेपलीकडं तिच्या आईनं फोन ठेवला, आमच्याकडं पाठ केली आणि चालायला लागली. मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर आम्ही त्या पोरीला तिथून हलवू शकलो नसतो, हे तिला कळत होतं. त्या बाईनं काय गुन्हा केला असेल तो असो, त्या दिवशी तिनं जे केलं ते माझ्याच्यानं झालं नसतं.

वंदनानं सलोनीला उचललं. सलोनीनं तिच्या दंडाला कडकडून चावा घेतला आणि सोडेना. मी सोडवायला गेले तर वंदनानं मला खांद्यानं बाजूला केलं. "राहू द्या, ताई." तशीच, दंडात दात रुतलेले, ती पोरीला घेऊन सगळी दारं ओलांडून बाहेर रस्त्यावर आली. तिथं रिक्षावाले, चहावाला, मुलाकातीची रांग, सगळे पाहत होते. वंदना ढसाढसा रडत होती आणि म्हणत होती, "चाव वं माय, चाव. आणखी चाव." मीही रडले. सांगायला लाज कसली?

तारखेला सलोनी घरून निघतानाच फुरंगटलेली होती. तिला दुसरा फ्रॉक घालायचा होता, वंदनानं हा घातला होता. समितीच्या खोलीत ती वंदनाच्या मागं लपून तिच्या पदराला लोंबकळत होती. अध्यक्षबाईंनी नाव विचारलं, तिनं सांगितलं नाही. खुर्चीवर बस म्हटलं, बसली नाही. वंदना कानकोंडी झाली. "अवो मॅडम, आज का झालं का माईत हिले. अशी नाही करत."

अध्यक्षबाईंची नजर वंदनाच्या दंडावर गेली. ब्लाउजच्या बाहीखाली अर्धगोल निळी खूण, दात मोजून घ्यावेत अशी.

"हे काय झालं?"

वंदनानं बाही वर सरकवली आणि दंड टेबलावर त्यांच्यापुढं ठेवला.

"चावली मले. जेलाच्या दारात, साऱ्या लोकाइसमोर." तिचा आवाज फुटला. "मॅडम, तुमी शिकल्या सवरल्या आहा, तुमीच सांगा. ज्याले भेते त्याले लेकरू चावते काय?"

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. सलोनी पदराआडून वंदनाला ओढत होती. "मामी, चाल नं घरी. मामी, चाल नं वं!"

"थांब नं जराशी, मोठ्यांचं बोलणं चालू आहे!" वंदना तिच्यावर ओरडली.

"नाही थांबत," सलोनी म्हणाली, आणि स्वतःच दार ढकलून बाहेर गेली.